ज्याचा त्याचा उजेड

माझी आत्या सतरा वर्षांची असताना एका फोटोग्राफरची चूक काढून त्याच्याकडेच नोकरीला लागली. ऐकायला हे उद्धट वाटतं, पण तेव्हाची ती, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, चार माणसांत तोंडसुद्धा उघडत नसे. आजीचा कुठल्याशा अर्जासाठी काढलेला फोटो आणायला तिला स्टुडिओत पाठवलं होतं. स्टुडिओवाल्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी पाकीट पुढे केलं. आत्यानं फोटो बाहेर काढून बघितला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आईला मिशी फुटलीय."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "काय फुटलीय?"

"नाकाची सावली ओठावर आलीय. दिवा इतका वर कशाला ठेवलात? जरा खाली आणि बाजूला घेतला असता तर सावली गालावर गेली असती."

मास्तरांना नाकावर माशी बसलेली चालत नसे. त्यांनी फोटो हिसकावून घेतला, खणातून भिंग काढलं, बराच वेळ बघितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. घरात ऊन फिरतं, ते बघते."

ते खरंच होतं. दोन खोल्यांच्या घराला एकच धड खिडकी. सकाळी उन्हाचा तुकडा पलंगाच्या पायाशी पडायचा, दुपारी ट्रंकेवर चढायचा, चारच्या सुमारास पायरीवर उतरायचा. आत्या पुस्तक घेऊन त्याच्या मागे मागे सरकत असे. आजी तिला मांजर म्हणायची. घड्याळ बंद पडलं की आजोबा विचारायचे, "मांजर कुठे बसलंय बघा रे," आणि त्यावरून वेळ सांगायचे.

मास्तरांनी तिला दुसऱ्या दिवसापासून कामावर बोलावलं. काम कॅमेऱ्याचं नव्हतं, पेन्सिलीचं होतं. उत्तरेच्या खिडकीशी एक उतरतं टेबल होतं. त्यात बसवलेली दुधी काच, काचेखाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावर पडून खालून वर यायचा आणि काचेवर ठेवलेली निगेटिव्ह उजळायची. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, केस पांढरे आणि दात काळे. चेहऱ्यावरची सुरकुती तिथे फिकट रेघ होऊन दिसते. ती रेघ सुईसारख्या टोकदार पेन्सिलीनं भरून काढली की छापलेल्या फोटोतली सुरकुती गायब. आत्या सात वर्षं हे करत होती. रस्त्यानं जाताना एखादे गृहस्थ पहिल्यांदाच समोर यायचे आणि तिच्या मनात यायचं, यांच्या डाव्या गालावरचा खड्डा मीच बुजवलाय. तोंडओळख नाही, पण तोंडाची ओळख पक्की.

एकदा तिनं मास्तरांना विचारलं, "या रेघा पुसायच्या कशाला? उजेड नीट लावला तर त्या छान दिसतील."

"उजेड लावायचा तो मी लावीन," मास्तर म्हणाले. "तू पेन्सिल चालव."

मग एका सकाळी मास्तरांची पाठ धरली. खुर्चीवरून उठताना जे वाकले ते वाकलेच. नेमका त्याच दिवशी मुलींच्या शाळेचा फोटो होता. तीनशे बारा मुली, साऱ्या शिक्षिका, अकराची वेळ दिलेली. पलंगावर आडवे पडून मास्तर म्हणाले, "तूच जा. लेन्स तेवढी झाकून ने, आणि काही झालं तरी घाई करू नकोस."

शाळेत पोचल्यावर आत्यानं आधी ऊन कुठे आहे ते बघितलं. बाकं इमारतीच्या समोर, थेट उन्हात मांडली होती, कारण मुख्याध्यापिकाबाईंना वर कोरलेलं शाळेचं नाव फोटोत हवं होतं. काळ्या कापडाखाली डोकं घालून तिनं बघितलं. कॅमेऱ्याच्या काचेवर चित्र उलटं दिसतं, म्हणून तीनशे बारा मुली डोकं खाली पाय वर करून उभ्या होत्या आणि उन्हानं साऱ्यांच्या डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या.

ती कापडाबाहेर आली. "बाई, सगळं मागच्या अंगणात न्यावं लागेल. सावलीत."

"मागे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "आणि शाळेचं नाव?"

"नाव पाटीवर लिहून पुढच्या रांगेत धरू. इथे काढला तर एकीचाही डोळा उघडा यायचा नाही. आईबापांनी आपली मुलगी ओळखायची कशावरून?"

बाईंनी तिच्याकडे असं बघितलं की आत्या आजही त्याची नक्कल करते. पण मग त्यांनी स्वतःच डोळ्यांवर हात धरून रांगांकडे पाहिलं आणि शिपायाला म्हणाल्या, "बाकं उचला."

बाकं हलवता हलवता साडेअकरा झाले. ऊन जसं वर चढत होतं, तशी इमारतीची सावली बोट बोट करत भिंतीकडे आखडत चालली होती. आत्या पाण्याच्या टाकीवर कॅमेरा मांडून उभी राहिली. तिथून तिला सावलीची कड सरळ रेघेसारखी दिसत होती, आणि ती कड सर्वांत लहान मुलींच्या पायांकडे येत होती. मागच्या रांगेत ढकलाढकली चालू, एकीची रिबिन सुटलेली, दोन शिक्षिकांना शेजारी बसायचं नाही. मास्तरांचं बोलणं आठवून तिनं घाई केली नाही. ती नुसती थांबली. टाकीवर उभी असलेली ही बारीक मुलगी काहीच का करत नाही, म्हणून एकेक करत सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. ढकलाढकली थांबली. रिबिनवालीसुद्धा वर बघत राहिली. तेवढ्यात आत्यानं शटर दाबलं.

निगेटिव्हची एकच प्लेट तिनं घेतली. दुसरी घ्यायला सावलीच उरली नव्हती. त्या फोटोत पुढच्या रांगेतल्या मुलींच्या पायांची बोटं उन्हात पांढरीफटक दिसतात.

संध्याकाळी मास्तरांनी पडल्या पडल्या भिंगातून पूर्ण फोटो तपासला. "दुसऱ्या रांगेत एकीनं जीभ बाहेर काढलीय."

"दिसली मला," आत्या म्हणाली. "म्हटलं, काढू दे."

मास्तर हसले आणि पाठीत कळ आली म्हणून विव्हळले. बरे झाल्यावर त्यांनी पेन्सिलीच्या टेबलावर दुसरं माणूस नेमलं आणि आत्याला कॅमेऱ्यामागे उभं केलं.

स्टुडिओच्या विजेचा मीटर वाचायला जे गृहस्थ यायचे, ते पुढे माझे आतोबा झाले. पहिल्या दोन महिन्यांत ते दोनदा आले, तिसऱ्या महिन्यात चारदा. मास्तर म्हणाले, "आमचा मीटर एवढा पळतो होय?" लग्नानंतर आतोबांचा एक ठरलेला विनोद होता. बायको सकाळी उठून खिडकीशी डोळे किलकिले करून उभी दिसली की म्हणायचे, "तुझा उजेड फुकटचा आणि माझा मोजून दिलेला. म्हणून माझ्या उजेडाची तुला किंमत नाही." पण तिला रविवारी सकाळी लवकर कुठे जायचं असलं की कॅमेऱ्याचा स्टँड खांद्यावर टाकून हेच पुढे चालत.

मास्तर थकले तेव्हा त्यांनी स्टुडिओ तिच्या हवाली केला. किल्ल्या देताना एवढंच म्हणाले, "उत्तरेच्या खिडकीपुढे कपाट ठेवू नकोस." पुढे रंगीत फिल्म आली, मग फिल्म गेली आणि कॉम्प्युटर आला. गल्लीतले दोन स्टुडिओ बंद पडले. आत्यानं पन्नाशीनंतर माउस हातात धरला आणि महिन्याभरात मला शिकवायला लागली. ओळखपत्राच्या फोटोलासुद्धा ती माणसाला स्टुलावर इकडून तिकडे फिरवायची. गिऱ्हाईक कुरकुरायचं, "अहो, पासपोर्टचा तर फोटो आहे." ती म्हणायची, "परक्या देशात तुम्हाला याच फोटोवरून ओळखणार. मग तो तुमच्यासारखा नको दिसायला?"

अशी तिची सहासष्ट वर्षं झाली आणि तिचे फोटो निळे यायला लागले.

पहिली तक्रार बेकरीवाल्याच्या बायकोनं केली. नवऱ्याचा मोठा फोटो तिनं बैठकीत लावला होता. ती स्टुडिओत येऊन म्हणाली, "रागावू नका, पण शेजारीण फोटो बघून मला जवळ घेऊन विचारायला लागली, कधी गेले म्हणून. आणि हे आत पाव भाजतायत."

आत्यानं फोटो पाहिला. तिला तो अगदी ठीक वाटला. तरी तिनं लॅबला फोन लावला. तिच्या फायली तिथूनच छापून यायच्या. लॅबवाला सौम्यपणे म्हणाला, "ताई, फाईलच निळी आहे. आम्ही आहे तशी छापतो."

"मी पन्नास वर्षं फोटोंच्या कामात आहे," आत्या म्हणाली. "तुमच्या मशीनला ताप आलाय."

मग दुसरी तक्रार आली, तिसरी आली. आत्यानं लॅब बदलली, स्क्रीन बदलली, खिडकीचा पडदा काढला. आतोबांनी दिवे तपासले. ती चिडचिडी झाली. मला म्हणायची, "माणसं एकदम गारठल्यासारखी दिसतात म्हणे. काय बघतात कोण जाणे."

माझं शिवणाच्या दोऱ्यांचं दुकान आहे. एका दुपारी आत्या आली आणि म्हणाली, "कॅमेऱ्याच्या पिशवीचा पट्टा उसवलाय. काळा दोरा दे." मी गिऱ्हाइकात होते. म्हटलं, तूच घे. तिनं खणातून रीळ उचलला आणि निघाली.

"आत्या, तो काळा नाही. गडद निळा आहे."

"चल, काहीतरीच."

मी खरा काळा रीळ त्याच्या शेजारी ठेवला. तिनं दोन्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोन्ही घेऊन दाराशी उजेडात गेली. मी पांढऱ्याचे तीन रीळ काढले, एक शुभ्र, एक मोतिया, एक सायीच्या रंगाचा. ते तिच्या तळहातावर ठेवून विचारलं, "यांत शुभ्र कुठला?"

तिनं तिन्ही फिरवून फिरवून पाहिले. मला वाटलं आता रडेल. तिनं रीळ माझ्या हातात परत दिले आणि म्हणाली, "म्हणजे लॅबवाल्याला मी उगाच बोलले. आधी त्याच्याकडे जाऊ, मग डॉक्टरकडे."

आणि खरंच आम्ही त्याच क्रमानं गेलो.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे तपासले. मोतीबिंदू होता, तोही बरीच वर्षं मुरलेला. डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं पडत गेलं होतं. इतकं हळू, की तिला पत्ताच लागला नाही. तिला जग पिवळट दिसायचं, आणि आठवणीतल्या रंगांशी ते जुळवायला ती कॉम्प्युटरवर प्रत्येक फोटोत निळा रंग वाढवत होती. डॉक्टरीणबाईंना वाटलं पेशंट घाबरेल. पण आत्या खुर्चीच्या कडेवर सरकून बसली आणि प्रश्नांचा भडिमार सुरू केला. पिवळं म्हणजे किती पिवळं? चहासारखं की तेलासारखं? काढलेलं भिंग बघायला मिळेल का? आतोबा माझ्या कानात म्हणाले, "हिला ऑपरेशन नको आहे, फिल्टर हवाय."

आधी उजवा डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा आम्ही दोघं समोर उभे होतो. आत्यानं डोळे मिचकावले. आधी तिनं भिंत बघितली, मग छत, मग डॉक्टरीणबाईंचा कोट.

"निळी," ती म्हणाली. "ही भिंत निळसर आहे. आणि हा कोट... अगं, पांढऱ्यात किती काय असतं."

मग तिनं एक डोळा झाकला, मग दुसरा. पुन्हा पहिला. डाव्यानं बघितलं तर खोली उन्हात वाळलेल्या कागदासारखी, उजव्यानं बघितलं तर नुकती धुतलेली. तिच्या अंगात वारं शिरलं. घरी येताना रस्त्याभर तिचा हात डोळ्यांवर वर-खाली होत होता. येणारेजाणारे बघत होते. आतोबांचा चेहरा तिनं पायरीवर उभं करून आळीपाळीनं पाच मिनिटं बघितला आणि म्हणाली, "तुमचे केस पांढरे झालेत हो. मला पिंगट वाटायचे."

"साठीपासून पांढरे आहेत," आतोबा म्हणाले. "तू कधी बोलली नाहीस, मला वाटलं आवडतात."

दुसरा डोळा तीन आठवड्यांनी करायचा ठरलं होतं. आत्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन म्हणाली, "दोन महिने थांबता येईल का?" बाईंना वाटलं भीती बसली. आत्यानं समजावलं, "माझ्याकडे सध्या दोन कॅमेरे आहेत. एक जुना, एक नवा. जुना गेला की परत मिळायचा नाही." बाईंनी कपाळाला हात लावला, पण दोन महिने दिले.

त्या दोन महिन्यांत ती जितकी राबली, तितकी तरुणपणीही राबली नसेल. एकच माणूस, एकच फोटो. उजवा डोळा झाकून तिनं त्याचे रंग लावायचे, मग डावा झाकून पुन्हा लावायचे, आणि दोन्ही प्रती शेजारी शेजारी चिकटवायच्या. अशा एकवीस जोड्या झाल्या. काही फोटोंत निळी प्रत उघड चुकीची होती. पण माझ्या वडिलांच्या जोडीपुढे ती बराच वेळ उभी राहिली. निळ्या प्रतीत ते दमलेले दिसत होते, आणि त्या वर्षी ते खरंच दमलेले होते.

दुसरा डोळा झाल्यावर तिनं स्टुडिओच्या दारावर पाटी लावली. "गेल्या चार वर्षांत मी ज्यांना निळं केलंय त्यांनी परत यावं. फोटो बदलून मिळतील." गल्लीत हसण्याची लाट आली. पण लोक आले, अल्बम काखेत घेऊन आले. बेकरीवाला स्वतः आला, पिठाच्या हातांनी. एक निवृत्त पोस्टमन तेवढे म्हणाले, "मला निळाच राहू दे. त्यात मी जरा भारदस्त दिसतो." आत्यानं त्यांचा हात धरून ते मान्य केलं.

याच धांदलीत तिला तो नाद लागला, ज्यानं आता आमच्या साऱ्या घराला वेठीला धरलंय. नव्या डोळ्यांनी माणसं बघता बघता तिच्या लक्षात आलं की एकच चेहरा सकाळी नऊला वेगळा आणि दुपारी चारला वेगळा असतो, आणि दिवसातल्या कुठल्यातरी एका वेळी तो सगळ्यात जास्त त्याचा स्वतःचा असतो. "ज्याचा त्याचा उजेड असतो," ती म्हणाली, "तो शोधायचा." आणि तिनं गल्लीतल्या माणसांना वेळा द्यायला सुरुवात केली. शिंप्याला चार वाजून दहा मिनिटं, त्याच्याच मशीनवर, कारण तेव्हा कापडावरचा उजेड उसळून त्याच्या हनुवटीखाली येतो. चाव्या बनवणारीला बारा, डोक्यावर ऊन घेऊन. शिंपी म्हणाला, "फोटोला मुहूर्त काढायला लागलात, आता पत्रिकाही बघा." पण चारला पाच कमी असताना तो दाढी करून बसलेला असायचा.

गेल्या वर्षी तिनं आमच्या रस्त्यावरच्या बसच्या ड्रायव्हरला गाठलं. हा उंचापुरा, अबोल माणूस, वीस वर्षं त्याच रस्त्यावर. तो म्हणाला, "मला वेळच नाही ताई. मी कायम गाडीवर."

"मग मी गाडीवर येते."

आठ दिवस ती कॅमेरा न काढता नुसती त्याच्या शेजारच्या आडव्या सीटवर बसून फिरली. नवव्या दिवशी घरी येऊन जोडे न काढताच म्हणाली, "सापडला. सकाळचे सात बावन्न. पुलाच्या अलीकडच्या सिग्नलला. समोरच्या उंच इमारतीच्या काचांवरून ऊन परतून थेट त्याच्या तोंडावर येतं. जेमतेम नऊ-दहा सेकंद."

पण चालत्या गाडीत त्या माणसाला वळून बघ म्हणायचं नाही, हे तिनं स्वतःच ठरवलेलं. म्हणजे सात बावन्नला सिग्नल लाल हवा, गाडी उभी हवी, आकाश मोकळं हवं आणि पुढे ट्रक नको. पहिल्या दिवशी सिग्नल हिरवा. दुसऱ्या दिवशी लाल, पण ढग. पाचव्या दिवशी सगळं जमलं आणि एका उतारूनं नेमकं तेव्हाच सुटे मागायला डोकं मधे घातलं. तोवर रोजच्या माणसांना कळलं होतं. आठवडाभरात सारी बस तिच्या बाजूनं. ज्यांना कामावर उशीर व्हायचा, तीच माणसं सिग्नल लाल पडावा म्हणून श्वास रोखून बसायची. एक नर्सबाई घड्याळ बघून सांगायच्या, "एकावन्न झाले." पुढच्या रांगेतले दोघं आपणहून खाली वाकायचे, कॅमेऱ्याच्या आड येऊ नये म्हणून.

तेविसाव्या दिवशी मीही तिच्यासोबत होते. गाडी पुलाजवळ आली आणि सिग्नल पिवळा झाला. ड्रायव्हरनं ब्रेक लावला. लाल. पुढे कुणी नाही. नर्सबाई हळूच म्हणाल्या, "बावन्न." समोरच्या काचांवर ऊन पेटल्यासारखं झालं, आणि तो उजेड गाडीत शिरून त्या माणसाच्या कपाळावरून डोळ्यांवर, डोळ्यांवरून खरबरीत गालांवर उतरला. पूर्ण बसमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. ही शांतता ड्रायव्हरलाही जाणवली असावी, कारण त्यानं आरशात मागे बघितलं. चाळीस माणसं श्वास रोखून आपल्याकडे बघतायत हे त्याला दिसलं, आणि तो हसला. वीस वर्षांत त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

आत्याचा कॅमेरा तीनदा वाजला. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न आले, आणि गाडीत टाळ्या पडल्या.

फोटो डेपोच्या नोटीसबोर्डावर लागला. ड्रायव्हरनं तो उभ्या उभ्या बघितला आणि विचारलं, "मी रोज असा दिसतो?"

"रोज," आत्या म्हणाली. "नऊ-दहा सेकंद."

दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीवरची कंडक्टर स्टुडिओत येऊन बसली. म्हणाली, माझी वेळ कुठली ते सांगा. आत्यानं तिला दाराशी नेलं, खांदे धरून एकदा उजेडाकडे फिरवलं, एकदा सावलीकडे, आणि वही काढायला आत धावली. ती आता बहात्तर वर्षांची आहे. आतोबांनी मला सांगून ठेवलंय की यादीत अजून एकशे चाळीस माणसं आहेत, आणि सकाळी सातच्या आत त्यांच्या घरी फोन करू नये, कारण स्टँड घेऊन दोघंही बाहेर, फोन उचलायला कुणी नसतं.